पहिला कार कॅम्प: डिक्कीत काय भरायचं आणि कुठल्या क्रमाने

आमच्या पहिल्या कॅम्पला रात्री तीनच्या सुमारास जाग आली. अंगावर दोन जाड पांघरुणं होती, तंबू चांगला होता, वारा पडला होता, तरी दात वाजत होते. थंडी वरून येत नव्हती, खालून येत होती. आम्ही हवा भरायची मोठी गादी नेली होती. दिसायला घरच्या पलंगासारखी ऐसपैस, पण आत नुसती हवा. ती हवा गादीत फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देत राहते. उरलेली रात्र आम्ही गाडीत बसून काढली. महागडा कंदील, घडीचं टेबल, चार प्रकारच्या सुऱ्या, सगळं सोबत होतं आणि त्यातलं काहीही कामाला आलं नाही.

तेव्हापासून मी सामानाची यादी रात्रीपासून सुरू करतो. दिवसा काही कमी पडलं तर निभावून नेता येतं. रात्री झोप नाही लागली, तर सकाळी सगळ्यांचं एकच म्हणणं असतं: चला घरी.

कार कॅम्पिंग म्हणजे गाडी तंबूपर्यंत किंवा त्याच्या अगदी जवळ नेता येईल अशा जागी मुक्काम. पाठीवर ओझं वाहायचं नसतं, त्यामुळे वजनाची चिंता कमी. पण डिक्की भरेपर्यंत सामान कोंबायचा मोह याच सोयीतून होतो. जेवढं जास्त न्याल, तेवढं अंधारात शोधावं लागेल आणि परत निघताना तेवढंच आवरावं लागेल.

आधी जागा आणि तारीख

पहिल्या खेपेला एकच रात्र, घरापासून दोन-अडीच तासांच्या आत, आणि शक्यतो रीतसर कॅम्पसाइटवर. तिथे सपाट जागा, पाणी आणि स्वच्छतागृह असतं, म्हणजे तीन मोठे प्रश्न सुटले. निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: पिण्याचं पाणी आहे का, शेकोटी चालते का, गाडी तंबूशेजारी लावता येते का, आणि फोनला रेंज येते का. रेंज नसेल तर नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि कुठे जातोय, कधी परतणार, हे घरच्या कुणाला तरी सांगून जा.

हवामान बघताना दिवसाचं नाही, रात्रीचं किमान तापमान बघा. जागा डोंगरावर असेल आणि अंदाज पायथ्याच्या गावाचा असेल, तर दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश वजा करा. जोरदार वारा किंवा विजांचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकला. अनुभवी लोकही ढकलतात, त्यात कमीपणा नाही.

झोपेचं सामान: पैसे इथे घाला

तीन वस्तू: मॅट, स्लीपिंग बॅग, उशी. महत्त्वही याच क्रमाने.

मॅटचं मुख्य काम मऊपणा देणं नसून जमीन आणि तुमच्यामध्ये ऊब अडवून धरणं हे आहे. ती किती अडवते, हे ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्याने मोजतात. आकडा मोठा तेवढी मॅट उबदार. उन्हाळी रात्रींना १ ते २ पुरतो, गारव्याला ३ ते ४ लागतो, आणि तापमान शून्याखाली जाणार असेल तर ५ किंवा अधिक हवा. एकावर एक दोन मॅट टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, हे फार उपयोगाचं आहे. म्हणजे आधीची पातळ फोमची मॅट फेकू नका. हवेच्या मॅटखाली घातली की ऊबही वाढते आणि खड्यांपासून बचावही होतो. हवेची मॅट घेणार असाल तर ठिगळाचा संच विसरू नका.

स्लीपिंग बॅगवर बहुतेक वेळा दोन तापमानं छापलेली असतात: ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई ज्या तापमानाला आरामात, मोकळेपणी झोपू शकेल ते. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून, जेमतेम रात्र काढू शकेल ते. दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा दुसरा आकडा लिहिलेला असतो, कारण तो जास्त दमदार वाटतो. तुम्ही पहिला बघा, आणि तोही अपेक्षित तापमानापेक्षा पाच अंशांनी खालचा धरा. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की तिच्यात दम राहत नाही. सिंथेटिक बॅग जाड आणि स्वस्त, ओलीतही बऱ्यापैकी ऊब धरते. कार कॅम्पिंगला वजनाचा प्रश्नच नाही, म्हणून नवख्यांनी सिंथेटिकच घ्यावी. आणि खरं सांगायचं तर सौम्य हवेत एका रात्रीसाठी बॅग विकत घ्यायचीही गरज नाही. चांगली मॅट आणि घरातली रजई पुरते.

उशी घरचीच न्या. कपड्यांची गुंडाळी करून उशी होते म्हणणारे लोक पाठीवर सामान वाहणारे असतात. आपली गाडी आहे.

तंबू

‘चार माणसांचा’ असं लिहिलेला तंबू म्हणजे चार माणसं मॅटला मॅट लावून, कूस न बदलता मावतील एवढी जागा. सामानासकट नीट झोपायचं असेल तर माणसांच्या संख्येत दोन मिळवा.

दुहेरी कापडाचा तंबू घ्या: आत जाळीदार, बाहेरून पावसाचं वेगळं आवरण. श्वासाची वाफ जाळीतून बाहेर जाऊन बाहेरच्या कापडावर थेंब धरते आणि तुमच्या अंगावर गळत नाही. एकेरी तंबूत सकाळी ‘तंबू गळतोय’ अशी ओरड होते, ते पाणी बहुधा आपल्याच श्वासाचं असतं. म्हणून थंडीतही वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या. कापड किती पाणी थोपवतं ते मिलिमीटरमध्ये देतात. बाहेरच्या आवरणाला १५०० ते ३००० मिमी असलं तरी नेहमीच्या पावसाला पुरतं. तळाला त्याहून जास्त असावं.

तंबूखाली ताडपत्री घालाच, पण ती तंबूच्या कडेबाहेर अजिबात दिसता कामा नये. बाहेर डोकावणारी ताडपत्री आवरणावरून ओघळलेलं पाणी झेलते आणि थेट तळाखाली आणून सोडते. जास्तीची कड आत दुमडून टाका.

तंबूसोबत येणाऱ्या मेखा बहुतेकदा पातळ तारेच्या असतात आणि कडक जमिनीत पहिल्याच घावाला वाकतात. सात-आठ जाड मेखा आणि एक हातोडी वेगळी ठेवा. मेख ठोकताना तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं, टोक तंबूच्या दिशेने, म्हणजे दोरी ओढेल तशी मेख सुटत नाही. ताणाच्या दोऱ्या वारा नसतानाही बांधा, कारण वारा बहुधा सगळे झोपल्यावरच सुटतो.

गाडीतच झोपायचं असेल तर तंबूचा हा सगळा खर्च वाचतो. मागची सीट पाडून तयार होणारी जागा टेपने मोजा: सर्वांत उंच माणसाच्या उंचीपेक्षा निदान दहा सेंटिमीटर जास्त हवी. सीट आणि डिक्कीतली खाच प्लायने किंवा घड्या घातलेल्या पांघरुणाने भरून काढा. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा आणि त्यांवर मच्छरदाणीचं कापड लावा, नाहीतर सकाळी काचा आतून ओल्या मिळतील. गाडी उताराला असेल तर डोकं वरच्या बाजूला. इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड या जळताना निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने आलेली गुंगी झोपेसारखीच वाटते.

घरीच एक रंगीत तालीम

ही पायरी सगळे गाळतात. निघण्याच्या आठवडाभर आधी अंगणात, गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात तंबू एकदा पूर्ण उभा करा. कुठला बांबू कुठल्या खाचेत जातो ते कळतं, एखादी मेख कमी आहे, झिप अडकतेय, तेही कळतं. मॅटमध्ये हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी सपाट झाली असेल तर भोक घरीच सापडेल. शेगडी पेटवून बघा, नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय.

तालमीत तंबूला पाऊण तास लागला तर निराश होऊ नका. दुसऱ्या वेळी पंधरा मिनिटांत होतो.

स्वयंपाक आणि पाणी

पहिल्या कॅम्पला रात्रीचं जेवण घरी अर्धं करून न्या. चिरणं, सोलणं, मसाल्याची मापं, सगळं आधी करून डब्यांत भरा. तिथे एका भांड्यात पंधरा-वीस मिनिटांत होईल एवढंच काम उरावं. शिवाय न शिजवता खाता येईल असं एक जेवण राखीव ठेवा, कारण पाऊस लागला की शेगडी पेटेलच असं नाही.

नवख्यांना दोन बर्नरची शेगडी सोपी, एकटादुकटा असेल तर छोटी एक बर्नरची चालते. गॅस घेताना आत काय आहे ते वाचा. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्य अंशाच्या आसपास काम करेनासा होतो, कारण ब्यूटेनचा उत्कलनबिंदूच साधारण उणे अर्धा अंश आहे. आयसोब्यूटेन उणे १२ पर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ देत राहतो. त्यामुळे गारठ्यात मिश्र गॅस किंवा प्रोपेन न्यायचा. डबा सुरू आहे, आत गॅस हलताना कळतोय आणि ज्योत मात्र मरतेय, यामागे बहुधा हेच कारण असतं. शेगडीला वाऱ्याचा आडोसा हवा, पण डब्याभोवती घट्ट पत्रा गुंडाळू नका. डबा तापून फुटू शकतो. आणि पाऊस कितीही लागो, तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे नाहीत. कापड पेटण्याचा धोका आहेच, कार्बन मोनॉक्साइडचा त्याहून मोठा.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर पाणी धरा, उन्हाळ्यात जास्त. चार जण, दोन दिवस म्हणजे ३२ लिटर, म्हणजेच ३२ किलो. तोटी असलेला कॅन घ्या, दर वेळी उचलून ओतावं लागत नाही. ओढ्याचं पाणी प्यायचं झालं तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

कूलरमध्ये बर्फाच्या तुकड्यांऐवजी मोठी लादी किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. मोठा बर्फ सावकाश वितळतो आणि बाटलीतलं पाणी नंतर पिता येतं. कूलर आदल्या रात्रीच बर्फ घालून गार करा. कोमट कूलर स्वतः गार होण्यातच बराच बर्फ खातो. जे नेणार ते आधी फ्रिजमध्ये थंड करा, शक्य असेल ते गोठवा. पेयांचा कूलर वेगळा असेल तर उत्तम, कारण तोच सारखा उघडला जातो. नाशवंत पदार्थ चार अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहायला हवेत. ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिले, कडक उन्हात एक तास, की टाकून द्या.

भांडी मोजकी: एक पातेलं, एक तवा, एक सुरी, एक डाव, माणशी एक ताट, एक चमचा, एक पेला. विसरल्या जाणाऱ्या वस्तू नेहमी त्याच: लायटर, मीठ, तेल, कॅन ओपनर, घासणी, कचऱ्याच्या पिशव्या. या सहा वस्तू एका छोट्या डब्यात कायमच्या भरून ठेवा, घरच्या वापराला काढायच्या नाहीत.

उजेड, कपडे, औषधं

प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर बांधायचा दिवा, हवा. हातात धरायच्या टॉर्चने मेख ठोकता येत नाही आणि भांडंही घासता येत नाही. २०० ल्युमेन (उजेडाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पुरतात. लाल उजेडाची सोय असलेला घ्या: अंधाराला सरावलेले डोळे टिकतात आणि शेजारच्या तंबूतल्यांची झोपमोड होत नाही. बसायच्या जागेसाठी एक कंदील बास.

कपडे थर देऊन घालायचे. अंगालगत सुती नको, कारण सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि थंडीत अंग गार पाडतं. झोपण्यासाठी एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा. दिवसभर घातलेल्या, घामाने दमट कपड्यांत स्लीपिंग बॅगेत शिरायचं नाही. टोपी, मोजे आणि पावसाचं जाकीट, हवामान काहीही सांगो, सोबत असू द्या.

प्रथमोपचाराच्या पेटीत स्वतःची रोजची औषधं, मलमपट्टी, जंतुनाशक, भाजल्यावर लावायचं मलम, चिमटा, ॲलर्जीची गोळी. डास आणि ऊन यांची क्रीम त्याच पेटीत.

गाडी भरताना

निघण्यापूर्वी टायरमधली हवा, स्टेपनीतली हवा, जॅक, पाना आणि जंप केबल तपासा. बॅटरी उतरते ती बहुधा अशानेच: दार उघडं ठेवून सामान काढत राहणं, आतला दिवा चालू, गाणी चालू. फोन चार्ज करायला पॉवर बँक ठेवा.

गाडीचं एकूण वजन किती चालतं, ते बहुतेक गाड्यांच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माणसंही त्यातच मोजायची. छताची मर्यादा बऱ्याच गाड्यांना ५० ते ७५ किलोच असते, तीही कॅरियरच्या वजनासकट. म्हणून छतावर फक्त हलकं आणि मोठं. पाण्याचा कॅन, कूलर, सिलिंडर यांसारखं जड सामान तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. सीटच्या उंचीच्या वर काही सुटं नको, कारण जोरात ब्रेक लागला की हातोडी पुढे येते. सिलिंडर उभा आणि बंद, उन्हात तापलेल्या गाडीत सोडायचा नाही.

सामान चार पेट्यांत वाटा: झोप, स्वयंपाक, हत्यारं आणि दिवे, कपडे. तंबू सर्वांत शेवटी ठेवा म्हणजे तो सर्वांत आधी निघेल. पावसात पोचलात तर या एका गोष्टीसाठी स्वतःची पाठ थोपटाल.

पोचल्यावर

सूर्य मावळण्याच्या किमान दोन तास आधी पोचा. आधी पायी फिरून जागा बघा, सामान नंतर.

वर बघा: वाळकी फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर असेल तर ती जागा नको. खाली बघा: वाळूची किंवा गोट्यांची लांबट पट्टी म्हणजे पावसात ओढा होणारी वाट, दूर कुठे पाऊस पडला तरी तिथे पाणी येतं. अगदी खोलगट जागेत रात्री गार हवा साठते, अगदी माथ्यावर वारा आणि वीज. थोडी उंच, आडोसा असलेली सपाट जागा धरा. शंका असेल तर तंबू लावण्याआधी ताडपत्री अंथरून तिच्यावर आडवे व्हा. पाठीला खडा लगेच सापडतो, आणि रक्त डोक्याकडे उतरतंय की पायाकडे तेही कळतं.

तंबूचं दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला. शेगडी आणि शेकोटी तंबूपासून निदान चार-पाच मीटरवर, वारा धूर तंबूकडे नेणार नाही अशी. क्रम असा: तंबू, मग मॅट आणि बॅगा, मग प्रत्येकाच्या खिशात हेडलॅम्प, मग स्वयंपाक. स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून झटकून ठेवा. दाबलेला थर फुलायला वेळ लागतो आणि ऊब त्या फुगवट्यातच असते.

झोपण्यापूर्वी खाण्याचे पदार्थ, कचरा, टूथपेस्ट, सगळं वासाचं सामान बंद गाडीत किंवा कॅम्पसाइटने दिलेल्या पेटीत. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. उंदरांना कापड कुरतडायला फार वेळ लागत नाही. काही भागांत मोठे प्राणी गाडीच्या काचाही फोडतात, तिथे स्थानिक नियम काय सांगतो तेच करा. बूट तंबूच्या आत ठेवा आणि तरीही सकाळी झटकूनच घाला.

थंडी वाजणार असं वाटलं तर झोपायच्या आधी थोडं खा, चार उठाबशा काढा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्या. रात्री लघवीला लागली तर कंटाळा करू नका, जाऊन या. आळस करून तासभर तळमळण्यापेक्षा ते पाच मिनिटांचं काम बरं.

विजा सुरू झाल्या तर तंबू सोडा आणि पत्र्याच्या बंद टपाच्या गाडीत बसा, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर येऊ नका.

स्वच्छतागृह नसेल तर पाणी, वाट आणि तंबू यांच्यापासून साठ मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणा आणि नंतर बुजवा. कागद पिशवीत घालून परत आणा. भांडी ओढ्यात घासायची नाहीत. साबण ‘निसर्गस्नेही’ असला तरी नाही.

शेकोटी विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन बघा. धग लागली तर अजून विझली नाही. लाकूड लांबून आणू नका, त्यातून झाडांचे किडे नव्या जंगलात पोचतात.

परत आल्यावर

सकाळी तंबू जवळजवळ नेहमीच दमट असतो. तसाच गुंडाळून आणलात तरी चालेल, पण त्याच दिवशी घरी उघडून वाळत घाला. ओला तंबू दोन-तीन दिवस पिशवीत राहिला की बुरशी धरते आणि तो वास पुन्हा जात नाही. स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. मोठ्या सैल पिशवीत किंवा कपाटात टांगून ठेवा. मॅट उलगडून, झडप उघडी.

आवरतानाच एक कागद घ्या आणि दोन रकाने करा: नेलं पण वापरलं नाही, आणि हवं होतं पण नव्हतं. पहिल्या रकान्यातलं पुढच्या वेळी घरी राहील, औषधं आणि स्टेपनी सोडून. कागद हत्यारांच्या पेटीतच टाका. आणि तंबू वाळला असं वाटल्यावर एकदा शिवणींवरून बोट फिरवून बघा. त्या सर्वांत शेवटी वाळतात.